विमाधारक हयात असल्याचे दिसते

ऑफिसात तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मागेही म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. विमा कंपनीच्या पडताळणी विभागात तिची नऊ वर्षं झाली होती. ज्या क्लेमबद्दल शंका असेल, त्या माणसाने इंटरनेटवर आपल्याच हाताने काय काय मांडून ठेवलं आहे, ते बसल्या जागी शोधून काढायचं, हे तिचं काम. कमरेचा मणका गेला म्हणून अंथरुणाला खिळलेले एक गृहस्थ तिला मेहुण्याच्या पानावर गच्चीवर पाण्याची टाकी चढवताना सापडले होते. जळून कोळसा झालेली एक गाडी तिला विक्रीच्या जाहिरातीत चकचकीत उभी दिसली होती.

तिचे नियम कडक होते. खोटं नाव घ्यायचं नाही, कुणाला मैत्रीची विनंती पाठवायची नाही, जे सगळ्यांना उघड दिसतं तेवढंच बघायचं. नवीन लागलेल्या मुलांना ती सांगायची, "उघड्या दारातून जे दिसतं ते आपलं. दार ढकलायचं नाही."

एका आठवड्यात तिच्या टेबलावर एका मृत्यूच्या क्लेमची फाइल आली. विमाधारक एकोणतीस वर्षांची मुलगी, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. तीन महिन्यांपूर्वी बस स्टँडबाहेर रस्ता ओलांडताना ट्रकची धडक बसून गेली, असं कागद म्हणत होते. वारस म्हणून वडलांचं नाव. वडील रिटायर्ड बस कंडक्टर, राहणार तीन तासांवरच्या दुसऱ्या गावी. कागद सगळे जागच्या जागी होते. पण ज्या नोंदणी कार्यालयाचा मृत्यूचा दाखला होता, तिथलेच दोन दाखले त्या वर्षी खोटे निघाले होते. त्यामुळे साहेबांनी फाइलवर लाल पेन्सिलीने गोल करून ती दुर्बिणीकडे सरकवली होती.

मुलीचं पान शोधायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. पान सगळ्यांना खुलं होतं. आणि मुलगी जिवंत होती.

म्हणजे पान तसं सांगत होतं. मरणाच्या तारखेनंतर तिथे सत्तरहून जास्त पोस्ट होत्या. खिडकीतला चहाचा कप, बागेतलं बाक, पिवळ्या फुलांचं झाड, फुटपाथवर झोपलेलं करडं मांजर. खाली एखादी ओळ. "आज काम फार आहे. सर्व ठीक." "हवा छान आहे. काळजी नसावी." "गोळ्या वेळेवर घेणे."

जुने फोटो कुणी आता टाकत असेल, अशी शंका तिने आधीच धरली. म्हणून एका फोटोत मागे दिसणारी चपलांच्या दुकानाची नवी पाटी तिने मोठी करून वाचली, मग त्या दुकानाचं पान शोधलं. दुकान उघडूनच जेमतेम महिना झाला होता. म्हणजे फोटो ताजा होता. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानाचं शटर मात्र ते जिथे जिथे दिसत होतं त्या प्रत्येक फोटोत खाली होतं. त्या दुकानाच्या माहितीत लिहिलं होतं: बुधवार बंद. पोस्ट रोज पडत असल्या, तरी फोटो सगळे बुधवारी काढलेले होते. बुधवारी मुलीची सुट्टी असणार, असा तिने अंदाज बांधला.

आणखी एक गोष्ट तिला खटकली. एकोणतीस वर्षांची मुलगी अचानक जाते आणि तिच्या पानावर एकही माणूस हळहळत नाही, हे कसं? तिने लॅबला फोन करून मुलीची चौकशी केली. पलीकडची मुलगी क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "ती सध्या इथे नाहीये." आणि तिने फोन ठेवून दिला.

लिहिण्याची धाटणी बदलली होती, हेही दुर्बिणीच्या लक्षात आलं होतं. आधीची मुलगी भरभरून लिहायची, विरामचिन्हांच्या वाटेला जात नसे. नंतरची प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम देत होती. लपून राहायचं म्हटल्यावर माणूस सावध होतो, असं तिने अहवालात लिहिलं.

साहेब अहवाल वाचून खूश झाले. "बाप-लेक दोघं मिळून खेळतायत," ते म्हणाले. "पत्र काढा. उत्तर द्यायला पंधरा दिवस."

पत्राचा मजकूर तिनेच केला. आपण दाखल केलेल्या मृत्यूच्या दाव्याबाबत, आमच्याकडे उपलब्ध माहितीनुसार विमाधारक हयात असल्याचे दिसते, तरी याबाबत आपला खुलासा सादर करावा. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, आणि सोमवारी दुपारी पत्र कुरिअरने कंडक्टरच्या पत्त्यावर रवाना झालं.

आता मुलीला प्रत्यक्ष बघितलं की फाइल बंद. बाकाची जागा तिने नकाशावरच्या लोकांच्या फोटोंवरून आधीच हेरून ठेवली होती. बुधवारी सकाळी साडेदहाला ती लॅब असलेल्या शहरातल्या त्या छोट्या बागेत जाऊन बसली. समोर चपलांचं दुकान, त्याच्या बाजूला बंद शटर. पर्समध्ये मुलीचा फोटो आणि फाइलच्या प्रती.

साडेअकराच्या सुमाराला एक म्हातारा आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. तो पिवळ्या फुलांच्या झाडाखाली थांबला, चष्मा कपाळावर चढवला, फोन दोन्ही हातांनी धरला आणि फोटो काढला. मग बाकाचा काढला. मग गुडघ्यावर हात टेकून खाली बसला आणि कुंपणाशी पहुडलेल्या करड्या मांजराचा काढायला लागला. मांजर तोंड फिरवून बसलं. "अगं बघ ना इकडे," तो त्याला म्हणाला, "तुझीच वाट बघत असते ती."

दुर्बीण उठून त्याच्याजवळ गेली. तोपर्यंत तिला काही कळलेलं नव्हतं.

"काका, हे फोटो तुम्ही कुणासाठी काढता?"

त्याने वर बघितलं. त्याला वाटलं, बागेत फोटो काढायला मनाई असेल. "माफ करा बाई. पाच मिनिटांत जातो."

तिने आपण कोण, ते सांगितलं. कंपनीचं नाव ऐकल्यावर तो उभा राहिला आणि खिशातून रुमाल काढून हात पुसत राहिला. मग दोघं बाकावर बसले.

"बिट्टी म्हणायचो आम्ही तिला," तो म्हणाला. "हे तिचं नेहमीचं बाक. लॅब इथून चार पावलांवर. डबा इथे बसून खायची आणि आईला फोटो पाठवायची."

मग त्याने सगळं सांगितलं, घाई न करता, तिकीट फाडावं तसं एकेक वाक्य वेगळं करत. चार महिन्यांपूर्वी बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, डाव्या हाताने खुणा करते, पण शब्द फुटत नाही. बिट्टी रजा टाकून आली, तीन आठवडे आईजवळ राहिली. आईला आपले फोटो बघता यावेत म्हणून आपलं अकाउंट बापाच्या फोनवर उघडून दिलं, कसं चालवायचं ते शिकवलं. रजा संपल्यावर परत निघाली.

"पहाटेच्या गाडीत मीच बसवून दिलं. ड्रायव्हर माझ्याच गाडीवर काम केलेला. त्याला सांगितलं, पोरगी आहे माझी, गाडी नीट ने. त्याने नीटच नेली हो. स्टँडवर उतरली, रस्ता ओलांडायला गेली." त्याने रुमालाची घडी घातली. "डॉक्टर म्हणाले, एवढ्यात काकूंना धक्का द्यायचा नाही. दुसरा झटका आला तर हाती लागणार नाहीत. मी म्हटलं, बरं, पंधरा दिवस थांबू. इथलं सगळं मी एकट्याने उरकलं आणि रात्री घरी जाऊन तिला सांगितलं, पोचली म्हणून."

"आणि पंधरा दिवसांनी?"

"पंधरा दिवसांनी सांगायला बसलो, तर ती फोनकडे बोट दाखवायला लागली. फोटो का नाही आला म्हणून. तिचं तोंड बघून माझी जीभ रेटली नाही. त्या बुधवारी पहिल्यांदा इथे आलो. आमचा पास आहे, गाडीला काही पडत नाही. शेजारीणबाईंना बुधवारी वेळ असतो, त्या बसतात हिच्याजवळ. आठवडाभर पुरतील एवढे फोटो काढून नेतो आणि रोज एकेक टाकतो. तिला सांगतो, सगळी रजा संपली तिची, येता येत नाही. तू झोपलीस की फोन येतो तिचा."

"आणि तिच्या मैत्रिणी? कुणीच काही लिहिलं नाही पानावर."

"एकेकीला फोन केला. हात जोडले. म्हटलं, पोरींनो, लिहू नका काही, आई बघते. लॅबमध्येही सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर काही बोलू नका." "तिच्यासारखं लिहायला मात्र जमत नाही मला. आयुष्यभर गाडीतल्या सूचना वाचल्या, तसंच उतरतं."

गोळ्या वेळेवर घेणे. दुर्बिणीला ती ओळ आठवली, आणि आपण तिचा काय अर्थ लावला होता तेही आठवलं.

"मग क्लेम कशाला टाकलात, काका?" हा प्रश्न तिने कामाच्या सवयीने विचारला आणि लगेच तिला त्याची लाज वाटली.

"तिनेच काढली होती पॉलिसी. म्हणाली होती, बाबा, माझं काही झालं तर आईचं औषधपाणी थांबायला नको. तिचं एवढं तरी ऐकावं म्हटलं."

त्यानंतरच तिच्या डोक्यात पत्र आलं. सोमवारी दुपारी निघालेलं. आज बुधवार.

"काका, तुमच्या घरी कुरिअर आलं तर कोण घेतं?"

"मी नसलो तर शेजारीणबाई. का?"

तिने सांगितलं. पत्रात काय लिहिलं आहे, तेही शब्दाला शब्द सांगितलं. त्याने लगेच शेजारीणबाईंना फोन लावला. फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. तो पिशवी खांद्याला लावून स्टँडच्या दिशेने चालायला लागला. ती त्याच्यामागून गेली. ये म्हणाला नाही, येऊ नको असंही म्हणाला नाही.

बसमध्ये तीन तास दोघं शेजारी बसले होते. कंडक्टर त्याच्या ओळखीचा निघाला, "काय दादा, आज लवकर?" म्हणाला. "हो, जरा काम आहे," असं त्याने हसून सांगितलं. ते हसू तिला बघवेना. वाटेत तो एकदाच बोलला. "पत्र बंद पाकिटात असेल ना? दुसऱ्याचं पाकीट फोडणाऱ्यातल्या नाहीत त्या."

पण शेजारीणबाईंनी पाकीट फोडलं होतं. त्यांनी आपण होऊन फोडलं नव्हतं. पाकिटावर मुलीचं नाव छापलेलं बघून आईनेच डाव्या हाताने ते ओढून घेतलं होतं, आणि फोडून वाच म्हणून खूण केली होती. बाईंनाही बिट्टीचं काही ठाऊक नव्हतं. कंडक्टरने त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्या खणखणीत आवाजात वाचत गेल्या, आणि आपण काय वाचतोय हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत वाक्य संपलं होतं. आता त्या दारातच उभ्या होत्या, पदराने तोंड दाबून. "दादा, हे काय आहे? बिट्टी मेली म्हणून तुम्ही कागद दिलेत?"

आतली खोली लहान आणि लख्ख होती. खिडकीशी पलंग, पलंगाशेजारी स्टुलावर गोळ्यांचे डबे ओळीने, प्रत्येकावर वेळेची चिठ्ठी. आई उशांना टेकून बसली होती. पत्र तिने छातीशी धरलं होतं.

कंडक्टर आत गेला तशी तिने त्याच्याकडे बघितलं. दुर्बिणीने रागावलेली माणसं पुष्कळ बघितली होती, पण असं बघणं बघितलं नव्हतं. आपल्या जिवंत पोरीला कागदावर मारून आलेल्या माणसाकडे ती बाई बघत होती.

"अगं, ऐक," तो पलंगाजवळ बसत म्हणाला. "मी सांगतो तुला. मी तीन महिने तुझ्याशी खोटं बोललो. बिट्टी..."

तिने डावा हात उगारून त्याला थांबवलं. मग पत्र उलगडून त्याच्यासमोर धरलं आणि एका शब्दावर बोटाने टकटक केलं. हयात. शिक्क्यावर टकटक केलं. पुन्हा त्या शब्दावर. तिच्या तोंडाची एक बाजू थरथरत होती आणि ती चक्क हसण्याचा प्रयत्न करत होती.

दुर्बीण दारात उभी होती. तिला सगळं समजलं. नवरा तीन महिने खोटं बोललाय, हे त्याने आत्ताच कबूल केलं होतं, मग त्याचं आता खरं कोण मानणार? कागद मात्र कंपनीचा होता, छापील होता, त्यावर सही-शिक्का होता. कंपनीने शोध लावला होता की मुलगी जिवंत आहे. ती बाई त्या कागदाला धरून बसली होती, आणि तो तिच्या हातातून सोडवणं नवऱ्याच्या हातात राहिलं नव्हतं.

ती पुढे झाली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"काकू, मी त्या कंपनीतली. हे पत्र मी लिहिलंय."

आईने पटकन तिचा हात धरला. पकड घट्ट होती.

"मी तुमच्या मुलीला भेटले नाही, काकू. मी फक्त फोटो बघितले आणि ते तिने काढलेत असं समजले. ते काकांनी काढले होते. आज मी त्यांना काढताना बघितलं." तिला वाटलं होतं की आपला आवाज फुटेल, पण तो सरळ निघत होता. "पत्रातलं चूक आहे. माझी चूक आहे. बिट्टी नाही आता. तीन महिने झाले."

आई मान हलवत राहिली. नाही, नाही. पत्रावर बोट ठेवत राहिली. मग दुर्बिणीने पर्समधून फाइलच्या प्रती काढल्या. हॉस्पिटलचा कागद, पंचनामा, दाखला. दोन दिवसांपूर्वी हेच कागद तिने खोटे ठरवले होते. आता ती ते एकेक करून त्या बाईच्या मांडीवर ठेवत होती, खरे आहेत म्हणून.

आईने दाखला डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ वाचला. तारखेवर तिचं बोट थांबलं. तिथून ते हललंच नाही. ज्या दिवशी पोरगी तिच्या कपाळावर हात ठेवून पहाटे निघाली होती, तीच ती तारीख. कंडक्टरला निदान तेवढं तरी तिच्यापासून लपवायचं होतं. त्याने मान खाली घातली.

तिच्या घशातून जो आवाज आला, त्यात शब्द नव्हते. शेजारीणबाई धावत आत आल्या आणि त्यांनी तिला मिठीत घेतलं. कंडक्टर जमिनीवर बसला, पलंगाच्या लाकडाला डोकं टेकलं आणि रडायला लागला. तीन महिन्यांत या घरात तो रडला नसणार, कारण खोकल्यासारखं, अडखळत रडत होता तो, सवय नसल्यासारखं. त्याचा हात बायकोच्या पायावर होता. तिने पाय ओढून घेतला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

दुर्बीण स्वयंपाकघरात गेली. डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता, त्यावर फोन करून तिने त्यांना बोलावून घेतलं. ते येईपर्यंत ओट्याशी उभी राहिली. ओट्यावर दोन ताटं धुऊन पालथी घातलेली होती, त्यांच्यावरचं पाणी तिने उगीचच फडक्याने पुसलं. डॉक्टर आले, रक्तदाब बघितला, झोपेचं इंजेक्शन दिलं. जाताना कंडक्टरला म्हणाले, "आता काय ते दोन दिवसांत कळेल." दुसरा झटका आला नाही.

अहवाल तिने दुसऱ्या दिवशी लिहिला. त्यात आपलं काय चुकलं तेही लिहिलं, एकही गोष्ट न गाळता. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमची माहिती तर सगळी बरोबर होती," ते म्हणाले.

"हो. माहिती बरोबर होती."

"मग तुम्ही तरी काय करणार होता?"

"पत्राच्या आधी घरी जायला हवं होतं, साहेब. एवढं तर करता आलं असतं."

महिनाभराने विभागात एक परिपत्रक निघालं. मृत्यूच्या क्लेममध्ये शंका असली तरी घरच्यांना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पत्र पाठवायचं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की ते कुणामुळे निघालं, पण तिला कुणी तसं बोलून दाखवलं नाही. नोकरी तिने सोडली नाही. दोनदा राजीनामा लिहिला आणि दोन्ही वेळा खणात ठेवला. नंतर नव्या फायली आल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा खोट्या निघाल्या.

क्लेम मंजूर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी कंडक्टरचा फोन आला. पोच द्यावी म्हणून केला, असं म्हणाला. आवाज थकलेला होता.

"काकू कशा आहेत?" तिने विचारलं.

"तब्येत बरी आहे. पाय थोडा हलतो आता. बाई चांगली मिळाली व्यायामाला." मग म्हणाला, "माझ्याशी अजून बोलत नाही ती. बोलता येत नव्हतं तरी आधी बोलायची हो, डोळ्यांनी, हातांनी. आता भिंतीकडे तोंड करून असते. भरवायला बसलो की तेवढं तोंड वळवते."

माफी तिने त्या दिवशी मागितली होती, नंतर पत्रातही मागितली होती. आणखी एकदा मागून काय होणार होतं?

"तुम्ही आलात ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "आला नसतात तर बरं झालं असतं, असंही म्हणवत नाही. एवढंच सांगायचं होतं."

"काका, तुम्ही जेवलात का?"

"आता तिला भरवतो, मग जेवतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.